तिरुपतीची चटणी



मागच्या आठवड्यात तुरीचा फोटो टाकला होता. तूर बघायची सोडून चौघापाचांनी एकच विचारलं, "बांधाच्या कडेला ती लाल देठाची ओळ कसली?" एकानं तर रात्री फोन केला, "भाऊ, पान बघून भ्या वाटलं. गांजा तर नाही ना लावला?" पान तसं दिसतं खरं. हाताच्या पंजासारखं, फाटलेलं. पण गांजा नाही. पोलीस पाटलांच्या घरीसुद्धा त्याची एक जुडी पोच झालेली आहे, तेव्हा काळजी नसावी.

ती ओळ कसली हे एका शब्दात सांगता येईल. पण तो एक शब्द सापडायला मला अडीच महिने लागले. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. कांद्याच्या रोपाचं पुढच्या वेळी.

2021 च्या मे महिन्यात आमच्या घरात कोरोना येऊन गेला. मी, मालकीण आणि थोरला, तिघंही पडलो आणि घरातच बरे झालो. त्या महिन्यात गावात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या मानानं आपलं काहीच गेलं नाही, असं मी चार लोकांत म्हणायचो. मालकिणीचा वास गेला होता, तोंडाची चव गेली होती. माझीही गेली होती. माझी पंधरा दिवसांत परत आली. तिचीही आली असेल असं मी धरून चाललो. एकदोनदा ती म्हणाली, "तोंडाला चवच नाही." मी म्हणालो, "होईल हळूहळू." झालं एवढंच बोलणं. पुढं मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पण जेवणात फरक पडला होता. कधी आमटी खारट, कधी मीठच नाही. भाकरीला करपट वास यायचा. थोरला ताटावरून कुरकुर करायचा. आई तिला म्हणायची, "लक्ष कुठं हाय तुझं?" ती गप.

पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, कांदा काढणी चालू होती. वीस बायका होत्या. दुपारचं कालवण आमच्याकडं. आमटी रात्रीची उरलेली होती, तीच वाढवून तिनं रानात आणली. ऊन मरणाचं. पहिल्या घासाला एकीनं दुसरीकडं बघितलं, दुसरीनं ताट बाजूला सारलं. मी तोंडात घातली तर आमटी विटलेली. आंबूस वास लांबून येत होता. मी सगळ्या बायकांसमोर ओरडलो, "नाक काय भाड्यानं दिलंय का?"

ती काही बोलली नाही. पातेलं उचललं, लिंबाच्या झाडाखाली ओतलं, घरी गेली आणि अर्ध्या तासात पिठलं करून आणलं. मला वाटलं, विषय संपला.

त्या डिसेंबरात आम्ही तिरुपतीला गेलो. कोरोनात मी बोललो होतो, सगळे नीट राहिले तर बालाजीला येईन. सोलापुरातून रात्रीच्या गाडीत बसलो. वाडी, रायचूर, गुंतकल, कडप्पा करत दुसऱ्या दिवशी पोचलो. आम्ही दोघं आणि थोरला. आईला एवढा प्रवास झेपत नाही, ती घरीच. वर तिरुमलाला रांगेत रात्र गेली. फोन आत नेऊ देत नाहीत, ते लॉकरात ठेवायचे. दर्शन झालं, लाडू घेतले, खाली तिरुपतीत उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले. पोटात कावळे ओरडत होते आणि तिघांच्याही फोनचं चार्जिंग संपलेलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण फोन चालू असता तर एक फोटो काढला असता आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

स्टँडच्या बाजूला एक साधं हॉटेल होतं. केळीचं पान, त्यावर भाताचा डोंगर. वाढपी पोरगा हातात चार भांड्यांचा स्टीलचा जोड घेऊन फिरत होता. तिकडं वरणाला पप्पू म्हणतात, त्यावरून थोरल्याला हसू आवरेना. वांग्याची भाजी, सांबार, रसम, दही. आणि पानाच्या कोपऱ्यात चमचाभर एक चटणी. रंग शेवाळासारखा, काळपट हिरवा, वर तेल सुटलेलं. सोबत कच्चा कांदा.

मालकिणीनं भातावर तूप घेतलं, चटणी कालवली, एक घास घेतला आणि थांबली. मला वाटलं ठसका लागला. डोळ्यात पाणी. मी पाण्याचा गडवा पुढं केला. तिनं हातानंच नको म्हणलं. दुसरा घास घेतला. मग वाढप्याला खूण करून परत चटणी मागितली. मग परत. चौथ्यांदा मागितली तेव्हा तो पोरगा हसला आणि भांडंच पानाजवळ ठेवून गेला.

मी म्हणलं, "एवढी आवडली?"

ती म्हणाली, "लागली."

"काय लागली?"

"चव लागली. दीड वर्षानं तोंडात काहीतरी लागलं बघा. आजवर सगळं माती खाल्ल्यागत."

मंडळी, मला पुढचा भात गेला नाही. मला ती आमटी आठवली, त्या वीस बायका आठवल्या आणि मी काय बोललो ते आठवलं. जिला वासच येत नव्हता तिला मी नाकावरून बोललो होतो. दीड वर्ष ती आमच्यासाठी अंदाजानं स्वयंपाक करत होती. मीठ हाताच्या मापानं आणि तिखट रंगावरून. बिनचवीचं स्वतःही दोन घास ढकलत होती. एका ताटात जेवून मला ते कळलं नव्हतं.

उठताना मी वाढप्याला विचारलं, ये चटणी का नाम क्या है? त्यानं गडबडीत काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं "गोंगूर". थोरला म्हणाला, "गुंटूर. मिरचीचं गाव आहे ते." मला पटलं. आपल्या बाजारात गुंटूर मिरची येते, तीच ही चटणी असणार. कागदावर लिहून घेतलं नाही, ही पहिली चूक. परतीच्या गाडीत मालकीण दातातून काहीतरी काढत होती. म्हणाली, "बारीक दोरा अडकलाय." तेही कुणी मनावर घेतलं नाही, ही दुसरी.

घरी आल्यावर तिला सोलापुरात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. हे दीड वर्षापूर्वी करायला पाहिजे होतं. त्यांनी छान समजावून सांगितलं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातली निम्म्याहून जास्त नाकाची असते. जिभेला आंबट, खारट, गोड, कडू एवढं ढोबळ कळतं. लसणाचा लसूणपणा, कोथिंबिरीचा कोथिंबीरपणा कळतो तो वासानं. या आजारात अनेकांचा वास गेला, बहुतेकांचा लवकर आला, काहींना वर्षं लागली. तिखट तर चवच नाही, तो चरका. म्हणून खूप आंबट आणि खूप तिखट असलेलं काही तोंडात पडलं की जिभेला तेवढं तरी समजतं. त्यांनी औषध थोडं दिलं आणि एक सराव दिला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल, चार बाटल्यांत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा वीस-वीस सेकंद वास घ्यायचा. येत नसला तरी घ्यायचा आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. महिनोन् महिने. म्हणाले, वासाच्या नसेला परत शिकवायचं आहे, घाई करू नका.

सराव ती नेमानं करू लागली. चटणीचं मी माझ्या अंगावर घेतलं.

पहिला डाव गुंटूर मिरचीचा. अर्धा किलो आणली, चिंच घातली, लसूण घातला, सुनेनं मिक्सरला फिरवली. लाल भडक झाली. मालकिणीनं खाल्ली आणि म्हणाली, "चांगली हाय." तिचं "चांगली हाय" मला आता ओळखू यायला लागलं होतं. म्हणजे ही नव्हे.

दुसरा डाव कैरीचा. जानेवारीत कैरी कुठली? खारवलेल्या फोडी होत्या, त्या वाटल्या. त्यावर ती एक बोलली ते माझ्या डोक्यात बसलं. म्हणाली, "ह्याचा आंबटपणा पुढं पुढं येतोय. तिथला मागनं यायचा. घास गिळल्यावर."

तिसरा डाव, थोरल्यानं फोनवर बघून आंध्रच्या चटणीची एक बाटली मागवली. ती लोणच्यासारखी, मीठ आणि तेलच जास्त. तीही मिरचीचीच निघाली, कारण आम्ही शोधतच होतो गुंटूर. नाव चुकलं की रस्ता चुकतो. पेरताना बियाण्याच्या पिशवीवरचं नाव दहादा वाचणारा मी, इथं ऐकीव नावावर दोन महिने काढले.

2023 च्या फेब्रुवारीत कांदा घेऊन सोलापूरला गेलो. त्या महिन्यात कांद्याच्या भावाचं काय झालं होतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन पट्टीत जे उरलं ते इथं लिहीत नाही. पट्टी खिशात घालून बसलो होतो. ओळखीचा हमाल म्हणाला, "काय बे, तोंड का उतरलंय?" भावाचं रडगाणं गाऊन झालं आणि मग का कुणास ठाऊक, मी त्याला चटणीचं सांगितलं. तो म्हणाला, "आंध्रची चटणी होय? मग इथं कशाला बसलाय? पूर्व भागात जा. तिकडं घरोघरी तेलुगूच बोलत्यात."

खरंच की. सोलापूरचा माणूस असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पद्मशाली समाज पिढ्यान् पिढ्यांपूर्वी तेलंगणातून विणकामाला सोलापुरात आला. आपण ज्या सोलापुरी चादरी पांघरतो त्या त्यांच्या मागावरच्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी रिक्षा केली आणि तिकडं गेलो. एका गल्लीत उंबऱ्यात बसून एक मावशी विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पानं कापलेली. मी चप्पल काढून लांबच उभा राहिलो आणि म्हणलं, "मावशी, एक विचारू का? चेष्टा करायची नाही."

सगळं सांगितलं. काळपट हिरवी, तेल सुटलेली, आंबट मागनं येते, तुपाबरोबर भातात कालवतात. नाव गोंगूर का गुंटूर असं काहीतरी. आणि बोलता बोलता आठवलं म्हणून सांगितलं, दातात दोरा अडकतो.

मावशींचे हात एकदाही थांबले नाहीत. दोऱ्याचं ऐकल्यावर मात्र हसल्या. म्हणाल्या, "गोंगुरा. आंध्रात गोंगुरा म्हणतेत, आमच्या तेलंगणात पुंटीकूर. कानडीवाले पुंडी म्हणतेत. तुमच्यात अंबाडी की हो!"

अंबाडी.

मी तिथंच पायरीवर बसलो.

मंडळी, अंबाडी म्हणलं की माझ्या डोळ्यासमोर भाजी येत नाही, दोरी येते. माझ्या लहानपणी वडील बाजरीत आणि तुरीच्या कडेनं अंबाडी टाकायचे. डोक्याच्या वर जायची. फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधायच्या, ओढ्याच्या डोहात बुडवून वर दगड ठेवायचे. दहा-पंधरा दिवसांत कुजायची. मग पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. तो वाख. पावसाळ्याच्या रात्री वडील सोप्यात बसून वाख वळायचे. बैलाची दावी, कासरे, चऱ्हाटं, आईच्या दुधाचं शिंकं, सगळं त्यातून. सणाला बैलांच्या अंगावर नवी दोरी चढायची ती घरची. त्या कुजलेल्या अंबाडीचा वास अंगाला आठ दिवस राहायचा, शाळेत पोरं बाजूला सरकून बसायची. मला त्या वासाचा राग होता.

आई कोवळ्या पाल्याची भाजी करायची. ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून, वर लसणाचं तेल. आम्ही पोरं आंबट म्हणून नाक मुरडायचो. पुढं नायलॉनची दोरी आली. उजनीचं पाणी आलं, ऊस आला. बैल गेले, ट्रॅक्टर आला. आणि शेवटी तणनाशक आलं. उसात रुंद पानाचं काहीच ठेवायचं नाही म्हणून आम्ही बांधही फवारून साफ करायला लागलो. स्वच्छ बांध म्हणजे चांगला शेतकरी. तांदुळजा, पाथरी, चिघळ गेली, त्यात अंबाडी गेली. कधी गेली ते आठवतसुद्धा नाही. गेल्याचं दुःख व्हायला ती आहे हे तरी लक्षात असावं लागतं.

मावशींनी कृती सांगितली आणि मंडईत कुठं जुडी मिळेल तेही सांगितलं. विडीचा हिशेब चुकेल म्हणून चहा नको म्हणाल्या, मीच त्यांच्या नातवाच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला. चार जुड्या घेऊन संध्याकाळी घरी आलो.

आई ओट्यावर बसली होती. पिशवीतून लाल देठ बाहेर आलेले. लांबूनच म्हणाली, "आरं, अंबाडी कुठनं आणलीस?"

मी म्हणलं, "सोलापुरातनं."

"आपल्या बांधाची सोडून सोलापूरची कशाला?"

मी म्हणलं, "बांधावर आता कुठं हाय?"

ती काही बोलली नाही. तिला दोन वर्षं रानात जाणं झालेलं नाही. तिच्या डोक्यातल्या बांधावर अंबाडी अजून होती. मी मात्र ज्या चटणीसाठी दोन महिने बाजार पालथे घातले, ती आईला कधी वर्णन करून सांगितली नव्हती. "तिकडची आंध्रची चटणी, तुला नाही कळायचं" असं म्हणलो होतो. दोरा म्हणल्याबरोबर तिनं तिथल्या तिथं सांगितलं असतं.

आता कृती, कारण तुम्ही विचारणारच. पहिल्यांदा आम्ही चुकलो. भाजीसारखा पाला शिजवून घेतला, चटणी चिकट आणि बुळबुळीत झाली. मावशींनी सांगितलं होतं पाण्याचा थेंब नको, तेच विसरलो. दुसऱ्यांदा जमली.

दोन जुड्यांचा पाला खुडून घ्यायचा. देठ घ्यायचा नाही, दोरा त्यात असतो. धुवायचा आणि फडक्यावर पसरून सावलीत पूर्ण कोरडा करायचा. पाच-सहा चमचे शेंगदाण्याचं तेल तापवून पाला मंद आचेवर परतायचा. आधी ढीगभर दिसतो, बघता बघता मूठभर होतो. रंग हिरव्याचा काळपट होतो, आपोआप गोळा होतो, कडेनं तेल सुटतं, तेव्हा उतरायचा. वेगळ्या तव्यावर दहा-बारा सुक्या मिरच्या, दोन चमचे धणे, अर्धा चमचा मेथ्या, थोडं जिरं भाजायचं. मेथ्या काळ्या होऊ द्यायच्या नाहीत, कडू होते. हे आधी कुटायचं, त्यात एक गड्डी लसूण आणि मीठ, मग पाला घालून जाडसर वाटायचं. वरून मोहरी, उडदाची डाळ, हिंगाची फोडणी. पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, आंबट फार असतं. स्टील किंवा मातीचं बरं. आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी जरा बेतानं, डॉक्टरांना विचारून खा.

मालकिणीनं भातात तूप आणि चटणी कालवली. घरातले सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं घास गिळला आणि थोडा वेळ थांबली, ते मागनं येणारं आंबट येतंय का बघायला.

"हीच," म्हणाली. मग म्हणाली, "लसूण अजून पाहिजे." आई म्हणाली, "मी तेच म्हणणार होते."

त्या रात्री झोपताना मी तिला त्या आमटीचं बोललो. सगळं काय बोललो ते इथं लिहीत नाही. ती म्हणाली, "तुम्ही ओरडला त्याचं काही नाही. वीस बायकांना विटलेलं खाऊ घातलं असतं मी, त्याचं भ्या वाटलं. त्या दिवसापासनं गॅस बंद केलाय का ते मी चारचारदा बघते."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वास नाही म्हणजे फक्त जेवण बेचव नाही. गॅस सुटला तर कळत नाही. दूध करपलेलं, धान्याला आलेला कुबट वास, काही कळत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईचं निम्मं राखणं नाकावर चालतं.

आता बियाण्याचं. मंडईतल्या जुडीला मुळं नव्हती. आमच्या शिवारात शोधलं, कुठं नाही. कृषी केंद्रात विचारलं तर हसले. शेवटी मंगळवेढ्याकडं बहिणीच्या सासरी मिळालं. तिकडं अजून कोरडवाहू ज्वारीचं रान आहे, जुन्या गोष्टी टिकून आहेत. तिच्या सासूबाईंनी गाडग्यातून राख झाडून, फडक्यात बांधून मूठभर बी दिलं. हिरव्या देठाची आणि लाल देठाची, दोन्ही मिसळलेली. म्हणाल्या, "पैसं नको. पुढच्या वर्षी मूठभर परत आणून दे." ही त्यांची पावती.

2023 चा पावसाळा आठवतोय ना? पाऊस उशिरा आला, त्यात ऑगस्ट कोरडा गेला. देशात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी बांधाच्या कडेनं शंभर फूट अंबाडी टोकली होती. आतला उडीद फुलात करपला. अंबाडीनं दुपारी माना टाकल्या, संध्याकाळी परत उचलल्या. पाणी दिलं नाही, खत दिलं नाही. ऊन जास्त तसा पाला जास्त आंबट झाला, असं मालकिणीचं म्हणणं.

माझ्या वहीतल्या नोंदी: पाचव्या-सहाव्या दिवशी उगवली. चाळिसाव्या दिवशी पहिला खुडा. शेंडा खुडला की फुटवे येतात, मग दर आठ-दहा दिवसांनी खुडा. दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येते, पिवळसर फूल, मधोमध गर्द लाल डोळा. फुलानंतर पाला राठ होतो, तेव्हा खुडणं बंद. पंधरा झाडं बियाला सोडायची. बोंडं वाळली की हाताला फडकं बांधून काढा, त्यावरची कूस बोटात घुसते. लाल जातीची मांसल बोंडं सरबताला चालतात. पैशाचं म्हणाल तर यात पैसा नाही. बाजारात चार जुड्या गेल्या तर गेल्या. तोटा एवढाच की बांधाच्या कडेची दोन फुटांची पट्टी मी आता फवारत नाही, तेवढं खुरपणीला दोन बायका जास्त लागतात. शेजारी म्हणतो, बांध घाण दिसतो. दिसू दे.

अंबाडीनं वास परत आला असं मी म्हणत नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांचा सराव तिनं दहा महिने केला, आणि वेळ लागायचा तो लागला. अंबाडीनं एवढंच केलं की तोवर तिच्या ताटात रोज एक तरी गोष्ट अशी होती जी तिला लागत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही दोघं बांधावर बोंडं काढत होतो. रानातच घर, मधे साठ-सत्तर पावलांचं अंतर. ती एकदम ताठ उभी राहिली. नाक वर करून थांबली. मग ओरडली, "अगं, दूध लागलं खाली! गॅस बंद कर!"

आतून सुनेचा आवाज आला, "हो हो, आत्ता बंद केला!"

मला तर काहीच वास आला नव्हता. ती तशीच उभी होती. मी म्हणलं, "आलं का?"

म्हणाली, "दूध करपलंय." एवढंच म्हणाली, आणि परत बोंडं काढायला लागली. मी पण लागलो.

तर मंडळी, ती लाल देठाची ओळ म्हणजे अंबाडी. मंगळवेढ्याची मूठ परत पोचवून यंदा माझ्याकडं पावशेर बी शिल्लक आहे. ज्याला पाहिजे त्यानं कळवा, चिमूटभर देतो. पैसे नकोत. पुढच्या वर्षी तेवढंच दुसऱ्या कुणाला तरी द्या.

आणि घरात कुणाला त्या आजारानंतर अजून वास येत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून गप्प बसू नका. एकदा नीट विचारा आणि डॉक्टरला दाखवा. आमटी बिघडली म्हणून ओरडायच्या आधी विचारा.

पुढच्या वेळी कांद्याचं रोप, नक्की.